घात

मामा तलावाच्या पाळीवर मच्छीमार सोसायटीची खोली.
एकच बोर्ड चालू, तोही प्लग हाताने दाबून धरला तर.
लॅपटॉप तांदळाच्या कट्ट्यावर,
शेजारी सुकट झिंग्यांची पाटी.
कीबोर्डला आता तिचाच वास आहे.

तीन वर्षं मी शंभर खुंट्या मोजल्या.
खुंटी पाण्यात, की बेशरमात, की धानाच्या बांधीत?
यंदा इथं, तर पुढल्या साली कुठं?
त्यातून निघाली ही सारणी, तीन ओळी, तीन रकाने:
पाण्याचं पाणीच राहतं शंभरात नव्वद,
आठ बेशरम गिळतं, दोन बांधीत जातात.
बेशरमाचं पुन्हा पाणी होतं पाच.
बांधीचं पुन्हा पाणी: शून्य.

दाराशी फगवाकाका मारबते जाळं सांधत बसलेले.
नातू त्यांच्या लेकाच्या वयाचा होईल तोवर
तलावाचं काय, हे त्यांनीच विचारलेलं.
मी म्हटलं, "सारणीचा बत्तिसावा घात घ्यायचा."
सुई थांबली.
"घात? कोनाचा?"

सारणीचं नाव, त्यापुढे टोपीसारखी खूण, बत्तीस. एंटर.
पहिली ओळ: पाणी तीन. बेशरम शून्य. बांधी शून्य.
काका पडद्याजवळ आले, चष्मा नाही, डोळे बारीक करून.
"पानी तीन.
मंग सत्त्यान्नव खुट्या कोठी गेल्या?"

कुठं जाणार.
ती टोपी प्रत्येक घराला एकटं गाठते.
नव्वदाला नव्वदानंच गुणते, आठाला आठानंच,
शेजारच्या घरात कोण शिरलं, कोण निघालं
तिला काही घेणं नाही.
आणि तलाव तर शेजारूनच जातो:
पाणी आधी बेशरम होतं, मुळाशी गाळ धरतं,
मग एका रात्री कुणाचा तरी धुरा
चार हात पुढं.

म्हणून ओळ आडवी, रकाना उभा, गुणत जायचं, बेरीज करायची.
तेही एकतीसदा नाही.
काका दोर वळतात तसं: दुहेरी, पुन्हा दुहेरी.
दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस.
पाच पिळांत नातू मोठा झाला.
पाणी पंधरा, बेशरम बावीस, बांधी त्रेसष्ट.
काकांनी बोटांच्या पेरांवर बेरीज करून पाहिली.
शंभर.
कुणीच काही बोललं नाही.

मग म्हणाले, "पन बेसरम का साल पाहून वाढते?
राती बी वाढते ना."

खरंय. मग वर्षाचे नव्हे, क्षणाचे दर मांडले,
आणि घाईत पुन्हा तीच चूक केली,
घातांकी फल घराघराला वेगळं लावलं.
बांधीच्या ओळीतल्या शून्याच्या जागी एक उगवला.
सगळी बांधी परत पाणी!
वर ओळीची बेरीज तीन,
एका तलावाचे तीन तलाव.
काका हसले तेव्हा पुढचे दोन दात नसलेले दिसले.
"हे राहू दे. खोडू नको."

खोडलं.
साल चिरलं एक हजार चोवीस फाकांत.
एका फाकेत जवळजवळ काही घडतच नाही,
सारं जसंच्या तसं, वर चिमूटभर बदल.
त्या चिमटीला दहादा दुहेरी केलं
की अख्खं साल उभं राहतं, रात्रींसकट.

"बेसरमच्या ओळीत पाच हाये तेथी पंचवीस टाक.
बाया लावू उपटाले.
जेठात पानी उतरलं का मूळ ढिलं होते,
तवाच त्याची घात असते."

मी त्या शब्दापाशी जरा अडखळले.
मग पाचाचे पंचवीस केले,
पंच्याऐंशीचे पासष्ट, ओळ शंभराची राहावी म्हणून.
एंटर अजून दाबलेलं नाही.
एका हातानं प्लग धरून आहे.
पंचवीस म्हणजे किती बाया, किती दिवस,
त्यांची रोजी कोण देणार,
काका जाळ्याच्या गाठींवर मोजताहेत.